जॉर्जियस ॲग्रिकोला

जॉर्जियस ॲग्रिकोला (मूळ नाव: गेओर्ग पावर, आधुनिक लेखनात बाउअर, जन्म: २४ मार्च १४९४, ग्लाउखाउ, सॅक्सनी, मृत्यू: २१ नोव्हेंबर १५५५, चेम्निट्झ, सॅक्सनी) हे सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य, ग्रीक व लॅटिन भाषांचे विद्वान, खनिजशास्त्रज्ञ आणि खाणकामावरील लेखक होते. त्यांना खनिजशास्त्राचे जनक मानले जाते. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १५५६ साली, बाझेल येथे प्रसिद्ध झालेला 'दे रे मेतालिका' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ पुढील सुमारे दोनशे वर्षे युरोपातील खाणकाम व धातुशास्त्राचा प्रमाणग्रंथ ठरला.

खाणीत साचणारे पाणी आणि कोसळणारा खडक ही त्या काळातील खाणकामाची दोन मोठी संकटे होती. त्यांवर मात करण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या खाणकामगार, सुतार व यंत्रकार यांच्या हातांत होते. पण ते क्वचितच लिहिले गेले होते. ॲग्रिकोला यांनी हे ज्ञान प्रत्यक्ष पाहून, मोजून आणि चित्रांसह ग्रंथबद्ध केले. पाणी व भूस्खलन यांकडे केवळ दैवाचा कोप म्हणून न पाहता, आधी ओळखता येणारा, ज्याचा खर्च मांडता येतो आणि ज्यावर उपाय योजता येतो असा धोका म्हणून पाहण्याची शिस्तशीर पद्धत त्यांच्या लेखनात आढळते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

ॲग्रिकोला यांचा जन्म सॅक्सनीतील ग्लाउखाउ या गावी कापड विणणाऱ्या व रंगवणाऱ्या कारागिराच्या कुटुंबात झाला. बाउअर या जर्मन शब्दाचा अर्थ शेतकरी असा आहे. विद्वानांनी आपली नावे लॅटिनमध्ये रूपांतरित करण्याची तेव्हा प्रथा होती. तिला अनुसरून त्यांनी त्याच अर्थाचे ॲग्रिकोला हे नाव धारण केले.

१५१४ साली त्यांनी लाइपझिग विद्यापीठात प्रवेश घेतला व १५१५ मध्ये पदवी मिळवली. ग्रीक भाषेचे अध्यापन त्या वेळी जर्मनीत नुकतेच रुजू लागले होते. १५१८ पासून ॲग्रिकोला त्स्विकाउ येथे ग्रीक व लॅटिन शिकवू लागले. १५२० मध्ये त्यांची लॅटिन व्याकरणावरील एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. पुढे ते लाइपझिगला परतले आणि तेथील ग्रीक पंडित पेट्रुस मोझेलानुस यांच्या सहवासात त्यांनी अध्यापन केले.

१५२० च्या दशकाच्या पूर्वार्धात वैद्यकाच्या अभ्यासासाठी ते इटलीला गेले. व्हेनिस येथील अल्दुस मानुतिउस यांच्या सुप्रसिद्ध मुद्रणालयात गालेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या ग्रंथांची मूळ ग्रीक आवृत्ती तयार होत होती. तिच्या संपादनकार्यात ॲग्रिकोला सहभागी झाले. जुन्या हस्तलिखितांतील एकेका शब्दाचा अर्थ निश्चित करण्याचे हे काम होते. खनिजांची व यंत्रांची नावे ठरवताना त्यांनी पुढे जी काटेकोर पद्धत वापरली, तिचा पाया येथे घातला गेला. १५२६ मध्ये ते जर्मनीस परतले.

योआखिमस्टालचे नगरवैद्य

१५२७ साली बोहेमियातील योआखिमस्टाल (आजचे चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह) या गावाने त्यांची नगरवैद्य म्हणून नेमणूक केली. एर्ट्सगेबिर्गे, म्हणजे धातुकांचा डोंगर, या अर्थपूर्ण नावाच्या पर्वतरांगेत हे गाव वसले आहे. १५१६ च्या सुमारास येथे चांदीचे समृद्ध साठे सापडले आणि काही वर्षांतच ओसाड दरीचे गजबजलेले नगर झाले. येथील चांदीच्या नाण्यांना योआखिमस्टालर म्हटले जाई. त्याचे संक्षिप्त रूप टालर असे झाले आणि त्यावरूनच डॉलर हा शब्द आला.

नगरवैद्य या नात्याने ॲग्रिकोला यांचा रोजचा संबंध खाणकामगारांशी येत असे. शिडीवरून घसरून हातपाय मोडलेले, थंड पाण्यात सतत उभे राहून पाय निकामी झालेले, धुळीने फुप्फुसे झिजलेले आणि दूषित हवेने गुदमरलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. खनिजांपासून नवी औषधे मिळतील या आशेने त्यांनी खाणी व धातू गाळण्याच्या भट्ट्या पाहण्यास सुरुवात केली. फावला वेळ ते तेथेच घालवू लागले. प्राचीन ग्रंथांतील वर्णने आणि खाणीत दिसणारी वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले.

या निरीक्षणांतून १५३० मध्ये 'बेर्मानुस' हा त्यांचा खाणविषयक पहिला ग्रंथ बाझेल येथील फ्रोबेन यांच्या मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. एक अनुभवी खाणतज्ज्ञ आणि दोन विद्वान वैद्य यांच्यातील संवादाच्या स्वरूपात तो लिहिलेला आहे. खाणतज्ज्ञाचे पात्र योआखिमस्टालमधील लोरेन्झ बेर्मान यांच्यावर बेतलेले होते. पुस्तकी विद्वानांनी खाणीत काम करणाऱ्या माणसाकडून शिकावे, ही या संवादाची मांडणीच त्या काळात नवी होती. ग्रंथासोबत डेसिडेरियस इरॅस्मस यांचे प्रशंसापर पत्र छापलेले होते.

ॲग्रिकोला यांनी जवळच्याच आबेर्टाम येथील गोट्सगाब नावाच्या खाणीत भाग घेतले होते व त्यांना चांगला नफाही झाला. त्यामुळे खाणीचा व्यवहार त्यांना वैद्य व अभ्यासक या नात्यांखेरीज भागधारक या नात्यानेही ठाऊक होता.

चेम्निट्झमधील जीवन

१५३० च्या दशकाच्या सुरुवातीस ते चेम्निट्झ येथे स्थायिक झाले आणि तेथील नगरवैद्य बनले. उर्वरित आयुष्य त्यांनी याच नगरात काढले. सॅक्सनीच्या राजघराण्याचा इतिहास लिहिण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवण्यात आली होती. १५४६ मध्ये ते चेम्निट्झचे महापौर झाले व एकूण चार वेळा त्यांनी हे पद भूषवले. सॅक्सनीचा ड्यूक मोरिट्स याच्या वतीने त्यांनी मुत्सद्दी म्हणूनही कामे केली. १५५० च्या दशकात प्लेगची साथ आली तेव्हा त्यांनी रुग्णांवर उपचार केले आणि १५५४ मध्ये प्लेगवर एक ग्रंथ लिहिला.

भूगर्भातील पाणी व खनिजांवरील लेखन

१५४६ साली फ्रोबेन मुद्रणालयाने ॲग्रिकोला यांचे अनेक ग्रंथ एकत्र प्रसिद्ध केले. त्यांपैकी 'दे ओर्तु एत काउसिस सुब्तेर्रानेओरुम' या ग्रंथात भूगर्भातील पदार्थांची उत्पत्ती व कारणे यांचा विचार आहे. वाहते पाणी जमीन झिजवून दऱ्या व डोंगर कसे घडवते, याचे वर्णन त्यात आढळते. भूगर्भातील पाण्याचा काही भाग पावसाच्या व नद्यांच्या पाण्याच्या झिरपण्यातून येतो, असे त्यांनी मांडले. मात्र जमिनीच्या पोटातील वाफ थंड होऊनही पाणी तयार होते, असे त्यांना वाटत होते.

जमिनीतून बाहेर पडणारे पाणी, वायू व इतर द्रव यांवर त्यांनी चार खंडांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 'दे नातुरा फोसिलिउम' या दहा खंडांच्या ग्रंथात रंग, वजन, चकाकी, पारदर्शकता, चव, वास, आकार यांसारख्या प्रत्यक्ष तपासता येणाऱ्या गुणांवरून खनिजांचे वर्गीकरण केले आहे. जमिनीतून खणून काढलेली कोणतीही वस्तू, असा फोसिल या शब्दाचा त्या काळातील अर्थ होता. खनिजांना वर्णक्रमाने किंवा कल्पित औषधी शक्तीनुसार मांडण्याची जुनी पद्धत या ग्रंथाने मागे टाकली.

दे रे मेतालिका

'दे रे मेतालिका' या नावाचा अर्थ धातूंच्या विषयाबद्दल असा होतो. या ग्रंथाचे काम ॲग्रिकोला यांनी सुमारे दोन दशके केले. ग्रंथाची अर्पणपत्रिका डिसेंबर १५५० ची आहे. पण चित्रे काढणे व ती लाकडी ठशांत कोरणे यांत पुढील अनेक वर्षे गेली. केवळ शब्दांतून यंत्राची रचना समजणार नाही आणि पुढच्या पिढ्यांना जुनी नावे कळणार नाहीत, या जाणिवेने त्यांनी स्वखर्चाने चित्रकार नेमले. ग्रंथात सुमारे २९० काष्ठचित्रे असून यंत्राच्या प्रत्येक भागाला अक्षर देऊन खाली त्याचे नाव दिलेले आहे.

पहिल्या खंडात खाणकामावरील आक्षेप व त्यांची उत्तरे, दुसऱ्यात जागेची निवड, तिसऱ्यात धातुकाच्या शिरा, चौथ्यात खाणींचे कायदे व अधिकारी, पाचव्यात उत्खनन व मोजणी, सहाव्यात अवजारे व यंत्रे, सातव्यात धातुकाची परीक्षा, आठव्यात धातुक निवडणे व धुणे, नवव्यात धातू गाळणे, दहाव्या व अकराव्यात धातू वेगळे करणे आणि बाराव्यात मीठ, तुरटी, काच इत्यादींचे उत्पादन असा विषयक्रम आहे. पाणी व खडक यांपासूनचे धोके आणि त्यांवरील उपाय मुख्यतः दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या व सहाव्या खंडांत आले आहेत.

खाणीतील पाण्याचे नियोजन

खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खडकाच्या भेगांतून पाणी आत येऊ लागते. ते काढले नाही तर तळ बुडतो व काम थांबते. एर्ट्सगेबिर्गेमधील वरच्या थरांतील चांदी संपत आली, तसतसे कूपक, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरी, अधिक खोल न्याव्या लागल्या आणि पाण्याचा खर्च वाढत गेला. कोणती खाण चालणार व कोणती बंद पडणार, हे पुष्कळदा धातुकाच्या प्रतीपेक्षा पाण्यावर ठरत असे.

निचऱ्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून किंचित चढाने खोदत नेलेला बोगदा. त्यातून पाणी आपल्याच वजनाने बाहेर वाहते, शिवाय खाणीला हवाही मिळते. बोगद्याच्या तळाशी पाण्यासाठी चर खणून त्यावर फळ्या टाकल्या जात, म्हणजे कामगारांना त्यावरून ये-जा करता येई. बोगदा व कूपक नेमके कोठे मिळतील हे आधी कळणे आवश्यक होते. त्यासाठी दोरी, ओळंबा व समरूप त्रिकोण यांच्या साह्याने कूपकाची आवश्यक खोली आणि बोगद्याची लांबी काढण्याची रीत पाचव्या खंडात दिली आहे.

बोगद्याचा खर्च मोठा असे आणि त्याचा लाभ शेजारच्या खाणींनाही होई. त्यामुळे इतरांच्या खाणीचे पाणी काढून देणाऱ्या बोगद्याच्या मालकाला त्या खाणीच्या उत्पन्नात ठराविक हिस्सा देण्याचा नियम रूढ होता. चौथ्या खंडात ॲग्रिकोला यांनी हे नियम तपशिलाने नोंदवले आहेत. एका खाणीची मालकी साधारणपणे १२८ भागांत विभागलेली असे आणि खर्च भागवण्यासाठी भागधारकांकडून वेळोवेळी वर्गणी घेतली जाई. पाण्याचा प्रश्न अशा रीतीने अभियांत्रिकीइतकाच कायद्याचा व भांडवलाचाही होता.

डोंगराचा उतार अपुरा असेल किंवा खाण बोगद्यापेक्षा खोल गेली असेल, तर पाणी उचलून बोगद्यापर्यंत आणावे लागे. त्यासाठीच्या यंत्रांचे सहाव्या खंडात प्रकारवार वर्णन आहे. पहिला वर्ग रहाटगाडग्याच्या तत्त्वावरील यंत्रांचा. त्यांत साखळीला जोडलेली भांडी पाण्यात बुडून भरतात व वर येऊन रिकामी होतात. दुसरा वर्ग चूषण-पंपांचा. त्याचे सात प्रकार दिले आहेत. पोखरलेल्या ओंडक्यांची नळी, तीत चामड्याच्या चकत्या लावलेला दट्ट्या आणि पाणी मागे जाऊ न देणारी झडप, अशी त्यांची रचना असे. तिसऱ्या वर्गात घोड्याच्या केसांनी भरलेले चामड्याचे गोळे साखळीत ओवून नळीतून वर ओढले जात आणि ते आपल्यावरचे पाणी ढकलत नेत. या वर्गाचे सहा प्रकार ग्रंथात आहेत.

चूषण-पंपाने पाणी एका मर्यादेपलीकडे वर येत नाही, हे खाणीतील कारागिरांना अनुभवाने माहीत होते. हवेचा दाब पाण्याला सुमारे १० मीटरपर्यंतच उचलू शकतो, हे त्याचे कारण. पण ते १६४० च्या दशकात टोरिचेल्ली यांच्या प्रयोगांनंतरच स्पष्ट झाले. कारण अज्ञात असतानाही त्यावर उपाय सापडला होता. एकावर एक अनेक पंप बसवून खालच्या पंपाने वरच्या पंपाच्या टाकीत पाणी सोडायचे आणि हे सारे पंप एकाच पाणचक्रावर चालवायचे, अशी योजना एर्ट्सगेबिर्गेमध्ये ग्रंथलेखनाच्या सुमारे दहा वर्षे आधी निघाली होती. ॲग्रिकोला यांनी सर्व पंपांमध्ये ती सर्वांत कल्पक, टिकाऊ व उपयुक्त ठरवली.

कार्पेथियन पर्वतातील शेम्निट्झ (आजच्या स्लोव्हाकियातील बान्स्का श्त्यावनित्सा) येथील व्यवस्थेचे त्यांचे वर्णन विशेष प्रसिद्ध आहे. तेथे गोळ्यांच्या माळेची तीन यंत्रे टप्प्याटप्प्याने बसवलेली होती. खालचे यंत्र तळाचे पाणी मधल्या कुंडात, मधले वरच्या कुंडात आणि वरचे निचऱ्याच्या बोगद्यात टाकत असे. सर्वांत खालचे यंत्र जमिनीपासून ६६० फूट खोल होते. या तीन यंत्रांसाठी ९६ घोडे लागत आणि ते मळसूत्राप्रमाणे वळत जाणाऱ्या उतरत्या वाटेने खाली नेले जात. अशाच प्रकारच्या एका यंत्राच्या वर्णनात ३२ घोड्यांपैकी एका वेळी आठ घोडे चार तास काम करीत व नंतर बारा तास विसावा घेत, अशी पाळीची मांडणी दिली आहे.

ग्रंथातील सर्वांत मोठे यंत्र म्हणजे ३६ फूट व्यासाचे उलटसुलट फिरणारे पाणचक्र. त्यावर विरुद्ध दिशांना तोंड असलेल्या पात्यांच्या दोन रांगा असत. पाणी ज्या रांगेवर सोडावे त्या दिशेने चक्र फिरे आणि बैलाच्या कातड्याच्या मोटा साखळीने वर-खाली होत. टांगत्या पिंजऱ्यात उभा राहिलेला चालक दांड्यांनी पाण्याची दारे उघडझाक करीत असे.

खडक कोसळण्याचा धोका

खाण म्हणजे डोंगराच्या पोटात केलेली पोकळी. आजूबाजूचा खडक ती पोकळी बुजवण्याच्या दिशेने सतत दाब देत असतो. या धोक्याची तीव्रता दाखवताना ॲग्रिकोला यांनी दोन दुर्घटनांचा उल्लेख केला आहे. गोस्लार येथील रामेल्सबेर्ग खाण कोसळली, तेव्हा एका दिवसात ४०० स्त्रिया विधवा झाल्या, अशी परंपरा त्यांनी नोंदवली. दुसरी घटना त्यांच्या हयातीतील आहे. आल्टेनबेर्ग येथे पोखरलेल्या डोंगराचा भाग अचानक खचला व त्यात सहा खाणकामगार चिरडले गेले. वरच्या जमिनीवरील एक झोपडी, तिच्यातील आई व तिचा लहान मुलगा यांनाही त्या खचलेल्या जमिनीने गिळले. खाणीचा धोका खाणीत उतरणाऱ्यांपुरता मर्यादित नसतो, हे या नोंदीतून स्पष्ट होते.

उपाय म्हणून त्यांनी दोन गोष्टींवर भर दिला. पहिली म्हणजे धातुक काढताना मध्येमध्ये न खोदलेल्या खडकाचे भाग आधारासाठी राखून ठेवणे. दुसरी म्हणजे लाकडी आधारांची योग्य रचना. कूपकाच्या भिंतींना लाकडी चौकटी, बोगद्यात दोन्ही बाजूंना खांब व त्यांवर आडवी तुळई, चौकटींच्या मागे फळ्या किंवा बल्ल्या आणि उरलेल्या पोकळीत भराव, अशी ही पद्धत होती. खडक कठीण असेल तेथे आधार विरळ चालत. ठिसूळ वा भुसभुशीत जमिनीत चौकटी दाट लावाव्या लागत. एकच नियम सर्वत्र लागू न करता खडक पाहून निर्णय घेणे हे या पद्धतीचे सूत्र होते.

राखून ठेवलेल्या खडकातही धातुक असे. तो न काढणे म्हणजे भागधारकांचा तात्कालिक तोटा होता. त्यामुळे आधार किती ठेवावा, हा लोभ व सुरक्षितता यांमधील निर्णय असे. आल्टेनबेर्गमधील खाणी पुढेही पोखरल्या गेल्या आणि १६२० मध्ये तेथे फार मोठा भाग खचला. त्यातून तयार झालेला प्रचंड खड्डा आजही पाहावयास मिळतो.

कामगारांचे आरोग्य व सुरक्षा

कामगारांच्या आजारांचे ॲग्रिकोला यांनी केलेले वर्णन व्यावसायिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. पाण्यात काम करणाऱ्यांनी कच्च्या कातड्याचे उंच बूट घालावेत, क्षारक खनिजे हाताळताना लांब हातमोजे वापरावेत आणि धुळीच्या जागी चेहऱ्यावर सैल पडदा घ्यावा, अशा सूचना त्यांनी केल्या. कार्पेथियन भागातील खाणींत धुळीमुळे पुरुष इतके लवकर मरत की काही स्त्रियांची सात लग्ने झाली होती, असे त्यांनी नमूद केले. हवा खेळती ठेवण्यासाठी वारा आत वळवणारे पडदे, पंखे व भाते यांची सचित्र माहिती त्यांनी दिली.

अपघातांबद्दल त्यांची भूमिका स्पष्ट होती. शिडीवरून घसरून कामगार तळाच्या कुंडात बुडतात, याला अनेकदा मुकादमाचा निष्काळजीपणा कारणीभूत असतो, असे त्यांचे मत होते. शिड्या आधारांना घट्ट बांधणे व कुंडावर फळ्या टाकणे हे मुकादमाचे कर्तव्य असल्याचे त्यांनी सांगितले. कामाच्या सात-सात तासांच्या तीन पाळ्या असत. रात्रपाळीला मात्र आवश्यकता असेल तरच परवानगी मिळे आणि पाणी उपसणे हे तिचे एक कारण असे. त्या पाळीत झोप लागू नये म्हणून कामगार गाणी म्हणत. एकाच माणसाने लागोपाठ दोन पाळ्या करण्यास सामान्यतः मनाई होती, कारण थकलेला कामगार खाणीतच झोपी जाण्याची भीती असे.

खाणी सोडून देण्याची कारणे

सहाव्या खंडाच्या अखेरीस खाणी सोडून देण्याची सात कारणे दिली आहेत: धातुक न मिळणे, पाण्याचा अनावर ओघ, दूषित हवा, विषारी जागा, क्रूर भूते, आधार ढिले होऊन डोंगर कोसळणे आणि युद्ध. पाण्याच्या बाबतीत त्यांनी आणखी भेद केला. कधी बोगदा तेवढ्या आत नेता येत नाही, कधी कूपक यंत्रांच्या आवाक्याबाहेर खोल असतो, तर कधी पाणी काढणे शक्य असूनही त्याचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होतो. कोसळलेली खाण पुन्हा उभी करण्याचा खर्चही शीर अतिशय समृद्ध असेल तरच परवडतो, असे त्यांनी म्हटले आहे.

बंद पडलेली जुनी खाण तिच्या बंद पडण्याचे नेमके कारण कळल्याशिवाय पुन्हा उघडू नये, असा त्यांचा सल्ला होता. आजच्या भाषेत याला जोखमीचे मूल्यमापन म्हणता येईल.

पर्यावरणविषयक आक्षेप

खाणकामामुळे शेते उद्ध्वस्त होतात, लाकडासाठी जंगले तोडली जातात, पशुपक्षी नाहीसे होतात आणि धातुक धुतलेल्या पाण्याने ओढे विषारी होऊन मासे मरतात, असे आक्षेप त्या काळीही घेतले जात. पहिल्या खंडात ॲग्रिकोला यांनी हे आक्षेप सविस्तर मांडले आहेत. त्यांचे उत्तर खाणकामाच्या बाजूचे होते. खाणी बहुधा नापीक डोंगरांत असतात, तोडलेल्या जंगलाच्या जागी शेती करता येते आणि धातूंच्या पैशातून अन्न विकत आणता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. धातूंशिवाय शेतीची अवजारेही होणार नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. दूषित पाण्यावर मात्र या उत्तरांत थेट उपाय आढळत नाही. आधुनिक अभ्यासकांना आक्षेपांची ही नोंदच पर्यावरणाच्या इतिहासासाठी मोलाची वाटते.

मर्यादा

ॲग्रिकोला यांचे विचार त्यांच्या काळाच्या चौकटीतच होते. जमिनीखालील प्राण्यांवर १५४९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी खाणीतील भुतांना स्थान दिले आणि खाण सोडण्याच्या कारणांतही त्यांचा समावेश केला. दुसरीकडे, काटकीच्या साह्याने धातुकाचा शोध घेण्याच्या लोकप्रिय प्रथेवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. अनुभवी खाणकामगाराने जमिनीवरील नैसर्गिक खुणा पाहाव्यात, असे त्यांनी सुचवले. त्यांनी वर्णिलेली यंत्रे त्यांची स्वतःची नव्हती. ती अनामिक कारागिरांनी घडवलेली होती. ऊल्रिख रूलाइन यांची खाणकामावरील जर्मन पुस्तिका आणि व्हान्नोच्चो बिरिंगुच्चो यांचा १५४० मधील इटालियन ग्रंथ ही त्यांच्या आधीची महत्त्वाची साधने होती.

धार्मिक संघर्ष आणि मृत्यू

ॲग्रिकोला यांच्या हयातीत सॅक्सनीने मार्टिन ल्यूथर यांचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. ते स्वतः अखेरपर्यंत कॅथलिक राहिले. प्रोटेस्टंट राज्यकर्त्यांनी त्यांच्या विद्वत्तेमुळे व निष्ठेमुळे त्यांना पदे दिली. त्यांनीही 'दे रे मेतालिका' सॅक्सनीचे इलेक्टर मोरिट्स व आउगुस्ट यांनाच अर्पण केला. तरी नगरातील धार्मिक वातावरण त्यांना प्रतिकूल होत गेले.

२१ नोव्हेंबर १५५५ रोजी चेम्निट्झ येथे त्यांचे निधन झाले. ज्या नगराचे ते चार वेळा महापौर होते, तेथेच त्यांच्या दफनास परवानगी नाकारण्यात आली. अखेर त्यांचे मित्र व नाउम्बुर्गचे कॅथलिक बिशप यूलिउस फोन प्फ्लूग यांच्या मदतीने त्यांचा देह सुमारे ६० किलोमीटर दूर असलेल्या त्साइट्झ येथे नेऊन तेथील चर्चमध्ये पुरण्यात आला. त्यांचा मुख्य ग्रंथ तेव्हा छपाईत होता. मार्च १५५६ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

भाषांतरे आणि वारसा

१५५७ मध्ये फिलिप बेख यांनी केलेले ग्रंथाचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध झाले. सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारक योहान आडाम शाल यांच्या सहभागाने चीनमध्ये त्याचे चिनी भाषांतर तयार करण्यात आले. पहिले संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये लंडन येथे निघाले. ते खाण अभियंते हर्बर्ट हूव्हर आणि भूशास्त्र व लॅटिन यांच्या जाणकार लू हेन्री हूव्हर या दांपत्याने केले. ॲग्रिकोला यांनी खाणीतील अनेक गोष्टींसाठी नवे लॅटिन शब्द घडवले होते. त्यामुळे भाषांतरकारांना शब्दाइतकाच यंत्राच्या कार्याचाही शोध घ्यावा लागला. हर्बर्ट हूव्हर पुढे १९२९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीस वाफेचे पंप येईपर्यंत युरोपातील खोल खाणींचे पाणी काढण्याचा कणा 'दे रे मेतालिका'मध्ये वर्णिलेल्या प्रकारची यंत्रेच राहिली. आजच्या खाण प्रकल्पांत भूजलाची पातळी खाली ठेवण्यासाठी विहिरी, विद्युत-पंप व दाबमापक वापरले जातात आणि खडकाचे स्थैर्य गणिताने तपासले जाते. पाणी कोठून येते, ते काढण्याचा खर्च कोणी सोसायचा, किती खडक आधारासाठी सोडायचा आणि वरच्या जमिनीवरील लोकांचे काय होईल, हे प्रश्न मात्र आजही प्रत्येक प्रकल्पात विचारावे लागतात.

जर्मनीतील बोखुम येथील तंत्रविद्यापीठाला ॲग्रिकोला यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या खाणप्रदेशात त्यांनी निरीक्षणे केली, त्या जर्मनी व चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील एर्ट्सगेबिर्गे खाणप्रदेशाचा समावेश २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला.